‘इम्युनिटी वाढवायला भावाला काय देऊ?’ : क्लोझापीन चालू असताना वारंवार होणारा न्यूमोनिया

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. भाऊ ४३ वर्षांचा, ऐन विशीत स्किझोफ्रेनिया सुरू झाला. बाकी औषधांनी गुण आला नाही, म्हणून काही वर्षांपासून क्लोझापीन, रोज ३०० मिलिग्रॅम. त्याने कानातले आवाज थांबले. आता तो घरात नीट वावरतो, दुकानातून सामान आणतो, भाच्यांशी बोलतो. पण वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला आणि दुसऱ्या वेळी आयसीयूत ठेवावं लागलं. विड्या आहेत, तंबाखूही आहे. डिस्चार्जच्या वेळी ‘इम्युनिटी कमी आहे, जपा’ एवढंच सांगितलं गेलं. आता कुणी गुळवेल सुचवतं, कुणी काढे, कुणी अश्वगंधा, कुणी च्यवनप्राश, कुणी प्रोटीन पावडर. ताई विचारतात, यातलं काय देऊ? आणि हे क्लोझापीनमुळेच होत असेल, तर ती गोळी बंद करू का?

ताई, गोळीचं आधी सांगतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान मोठं आहे. क्लोझापीन मनाने बंद करू नका. तुमची शंका खोटी नाही. या औषधावर असणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त होतो हे आता नीट माहीत झालं आहे, आणि तो का होतो तेही बऱ्यापैकी माहीत आहे. पण फिनलंडमध्ये हजारो रुग्णांचा अनेक वर्षांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात स्किझोफ्रेनियाच्या सगळ्या औषधांमध्ये क्लोझापीन घेणाऱ्यांचाच मृत्युदर सर्वांत कमी निघाला. आत्महत्येचा धोका हे औषध कमी करतं. शिवाय ते एकदम थांबवलं तर आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो. तेव्हा गोळी ठेवून न्यूमोनिया कसा टाळायचा, हा आपला विषय. गोळी बदलायची वेळ आलीच, तर ते मानसोपचारतज्ज्ञ आणि छातीचे डॉक्टर मिळून ठरवतील.

आता ‘इम्युनिटी’. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी एकाच पातळीची गोष्ट नाही, की कमी झाली आणि वरून ओतली. तुमच्या भावाच्या बाबतीत सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असू शकतात: रात्री लाळ श्वासनलिकेत जाणं, विडीने खराब झालेली फुप्फुसं, वाढलेली साखर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, अँटिबॉडीज, खाण्यातली प्रथिनं, तपासायचा राहून गेलेला टीबी. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि कोणताही उपाय डब्यात मिळत नाही. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं सर्वसाधारण लोकांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात. त्यातले बहुतेक मृत्यू आत्महत्येने नव्हे, तर हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, संसर्ग अशा शारीरिक आजारांनी होतात. कोविडच्या पहिल्या लाटेतली न्यूयॉर्कमधल्या सुमारे ७,३०० रुग्णांची आकडेवारी २०२१ मध्ये आली, तेव्हा वयाच्या खालोखाल मृत्यूशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट स्किझोफ्रेनिया ही ठरली. धोका सुमारे २.७ पट. मधुमेह, विडी-सिगारेट हे सगळं हिशेबात धरूनही. म्हणून ‘मनाचा पेशंट आहे, शरीराचं काय एवढं’ असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही.

सुरुवात उशीपासून करू. सकाळी भावाची उशी बघा. ओली असते का? अभ्र्यावर पिवळसर डाग पडलेत का? क्लोझापीनमुळे लाळ फार येते, झोपेत तर जास्तच. गोळी गुंगी आणते, गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया मंदावते, आणि ती लाळ तोंडातल्या जंतूंसकट थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते. क्लोझापीनवरच्या न्यूमोनियाचा हा फार मोठा रस्ता आहे, आणि पेशंट ‘लाळ येते’ हे लाजून सांगत नाही. घरचेही ‘चालायचंच’ म्हणतात. डॉक्टरांना सांगा. रात्रीचा डोस थोडा कमी करता येतो किंवा विभागता येतो, लाळ आवरण्यासाठी ग्लायकोपायरोलेटसारखी औषधं आहेत, जिभेखाली अॅट्रोपिनचे थेंबही वापरतात. मात्र ही औषधं बद्धकोष्ठता वाढवतात, आणि क्लोझापीनवर बद्धकोष्ठता ही क्षुल्लक तक्रार नाही. आतडं बंद पडून माणूस दगावू शकतो. तीन दिवस पोट साफ झालं नाही, पोट फुगलं, उलटी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवा, म्हणजे डोकं-छाती उंच राहील. नुसत्या दोन उशा घेतल्या की मान मुडपते, त्याचा उपयोग नाही. कुशीवर झोपायची सवय लावा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन तास तरी जाऊ देत. जेवणाआधी गोळी घेऊन पेंगत पेंगत भात खाणं हे मी अनेक घरांत पाहिलं आहे, आणि त्यातून घास चुकीच्या नळीत जातो. आधी जेवण, मग गोळी, आणि जेवताना ताठ बसणं. पाणी पिताना ठसका लागतो का, घास तोंडात धरून बसतो का, हे आईला आठवडाभर बघायला सांगा. ठसका लागत असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

आणि दात. रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करणं हा न्यूमोनिया टाळण्याचा उपाय आहे असं सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. पण फुप्फुसात जी लाळ जाते तिच्यात जंतू किती, हे हिरड्या ठरवतात. वर्षानुवर्षं मिश्री-तंबाखू, त्यात आजाराच्या काळात स्वतःकडे झालेलं दुर्लक्ष. अशा माणसाचं तोंड उघडून पाहिलं तर पू धरलेल्या हिरड्या, मुळापर्यंत किडलेले दात दिसतात. एकदा दंतवैद्याकडे नेऊन सफाई आणि जे काढायचे ते दात काढून घ्या. दात काढण्याआधी क्लोझापीनचं सांगा आणि ताजा रक्ताचा रिपोर्ट न्या.

रक्ताचा विषय आला आहे तर तो नीट बघू. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापीन घेणाऱ्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा झाल्या आणि संसर्गाने आठ जण दगावले. त्यानंतर हे औषध अनेक देशांत जवळजवळ गुंडाळलं गेलं होतं. पुढे नियमित रक्त तपासणीच्या अटीवर ते परत आलं, कारण ज्यांना दुसऱ्या कशानेच गुण येत नाही त्यांना याने येतो. हा धोका शंभरात एकापेक्षा कमी जणांना, आणि त्यातही बहुतांश पहिल्या अठरा आठवड्यांत. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर महिन्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करतात. तुमचा भाऊ तो सुरुवातीचा काळ केव्हाच ओलांडून आलाय, त्यामुळे हा धोका आता बराच कमी आहे, शून्य नाही.

रिपोर्ट आल्यावर फक्त ‘नॉर्मल’ शब्द बघू नका. एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा घ्या, न्यूट्रोफिलच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) टक्क्यांनी गुणा आणि शंभराने भागा. समजा एकूण ५,२०० आणि न्यूट्रोफिल ५८ टक्के, तर ३,०१६. हा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. तो १,५०० च्या खाली गेला की त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन. १,००० च्या खाली गेला तर पुढची गोळी देण्याआधी फोन, कारण तेव्हा गोळी थांबवावी लागते. आणि वेळापत्रकातली तपासणी कधीही असो, ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले की त्याच दिवशी सीबीसी. तालुक्याच्या गावातली साधी लॅबही हे करते, त्यासाठी साताऱ्याला किंवा पुण्याला पळायची गरज नाही.

पांढऱ्या पेशी व्यवस्थित असूनही संसर्ग होत राहतो, तेव्हा आणखी एक गोष्ट बघावी लागते, आणि तुमच्या भावाच्या बाबतीत मी ती आवर्जून बघेन. ब्रिटनमध्ये कार्डिफच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की दीर्घकाळ क्लोझापीन घेणाऱ्या काही जणांच्या रक्तात अँटिबॉडीज, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, कमी झालेल्या असतात. सगळ्यांच्या नव्हे. पण वर्षात दोन न्यूमोनिया झालेल्या माणसाची आयजीजी, आयजीए, आयजीएम (हे अँटिबॉडीजचे प्रकार) ही तपासणी एकदा व्हायला हवी. सीबीसीमध्ये हे दिसत नाही, वेगळं लिहून द्यावं लागतं. ‘इम्युनिटी कमी आहे’ असं ज्यांनी सांगितलं त्यांना नम्रपणे विचारा, कोणती तपासणी करून हे ठरवलं? केली नसेल तर ही करा. त्याच वेळी साखर, एचआयव्ही आणि थुंकीची टीबीसाठी तपासणी. दोन्ही वेळचे एक्स-रे शेजारी शेजारी ठेवून बघायला सांगा. न्यूमोनिया दोन्ही वेळा एकाच जागी असेल तर तिथे नळीत काही अडकलंय का, गाठ आहे का, हे सीटी स्कॅनने बघावं लागतं. विडी ओढणाऱ्या माणसात हे टाळून चालत नाही. जागा वेगळ्या असतील, विशेषतः उजव्या बाजूला खाली, तर लाळेचा आणि गिळण्याचा संशय बळावतो.

विडीबद्दल तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त सांगायचं आहे. विडीच्या धुरातले काही घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात, आणि तेच एन्झाइम क्लोझापीनचा निचरा करतं. म्हणजे विडी ओढणाऱ्याला तोच परिणाम मिळवायला जास्त डोस लागतो. विडी एकाएकी बंद झाली की आठवड्याभरात रक्तातली क्लोझापीनची पातळी वाढते, कधी दीडपट, कधी त्याहून जास्त. हे निकोटीनमुळे होत नाही, धुरामुळे होतं; त्यामुळे तंबाखू चघळणं, मिश्री, गुटखा यांनी हा फरक पडत नाही, आणि निकोटीनच्या च्युइंगगमनेही नाही.

आता तुमच्या भावाचं आयसीयूतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. न्यूमोनिया झाला, दाखल केलं, विडी त्या दिवशी बंद. गोळी मात्र चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे ३०० चालू. शिवाय शरीरात मोठा संसर्ग आणि सूज असते तेव्हा तेच यकृतातलं एन्झाइम मंदावतं, म्हणजे पातळी दोन बाजूंनी चढते. त्यावर सिप्रोफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं तर तिसऱ्या बाजूने, कारण तेही त्याच एन्झाइमला अडवतं. पेशंट झोपाळतो, लाळ वाढते, ठसका लागतो, न्यूमोनिया आणखी पसरतो, आणि घरच्यांना सांगितलं जातं, ‘ताप डोक्यात गेलाय’. हा प्रकार मी वॉर्डात पाहिला आहे. तासातासाला झोप वाढत चाललेला, तोंडातून लाळेची तार गळणारा, हाक मारली तर ओ न देणारा माणूस. डोस निम्मा केल्यावर तिसऱ्या दिवशी तो उठून बसला आणि चहा मागू लागला. म्हणून नियम लक्षात ठेवा: ताप आला आणि गुंगी किंवा लाळ नेहमीपेक्षा वाढली, की मानसोपचारतज्ज्ञांना लगेच कळवायचं. तात्पुरता डोस कमी करायचा का, किती, हे ते सांगतील. दाखल करताना ‘रोज विड्या ओढतो, आजपासून बंद आहेत’ हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्या. आणि दवाखान्यात काही कारणाने गोळी दोन दिवसांहून जास्त, म्हणजे ४८ तासांच्या वर बंद राहिली, तर घरी आल्यावर पुन्हा एकदम ३०० द्यायची नाही. १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावी लागते. एकदम दिली तर रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते.

विडी सुटायलाच हवी, पण कळवून, ठरवून. डॉक्टर पहिल्या आठवड्यात डोस टप्प्याने उतरवतात आणि शक्य असेल तर रक्तातली पातळी तपासतात. स्किझोफ्रेनियाचा माणूस विडी सोडू शकत नाही हा समज चुकीचा आहे. व्हॅरेनिक्लिन हे औषध मानसिक आजार असलेल्यांनाही चालतं असं २०१६ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. विडी सोडवायला देतात ते ब्युप्रोपिऑन मात्र क्लोझापीनबरोबर नको, फिट येण्याचा धोका वाढतो. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फुकट सल्ला मिळतो. भावाच्या बाजूने एक बघा: दुपारी रिकामा वेळ असतो तेव्हाच विडी जास्त लागते, म्हणून सोडायची तारीख अशी धरा की त्या आठवड्यात त्याला घरात, शेतात काही काम असेल.

आता टीबी. आपल्याकडे याचा विचार पहिल्या पाचांत यायलाच हवा. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. क्लोझापीन आणि ओलान्झापीन (स्किझोफ्रेनियाचंच दुसरं औषध) वजन वाढवतात. ती चालू असताना कुणाचं वजन आपोआप उतरायला लागलं तर घरचे खूश होतात, पण मी थुंकीची तपासणी लिहून देतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, तर वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. टीबी निघालाच तर मानसोपचारतज्ज्ञांना त्याच आठवड्यात सांगणं अत्यंत गरजेचं आहे. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध अनेक मानसिक औषधांची पातळी खूप खाली आणतं, क्लोझापीनचीही. महिन्याभरात आवाज परत येतात, आणि घरच्यांना वाटतं पेशंट गोळ्या थुंकतोय. आयसोनियाझिड या टीबीच्याच औषधाने क्वचित, आणि औषधाला न जुमानणाऱ्या टीबीत वापरतात त्या सायक्लोसेरिनने बऱ्याचदा, मनाची लक्षणं उफाळतात.

खाण्यावर येऊ. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरातल्या माणसांना सहा महिने दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: अशा घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदूळ! प्रतिकारशक्तीबद्दल आपल्या देशातून आलेला इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही. टीबी झालेल्यांना निक्षय पोषण योजनेतून महिना १,००० रुपये मिळतात, पूर्वी ते ५०० होते. नोव्हेंबर २०२४ पासून वाढले.

तुमच्या भावाचं वजन बहुधा जास्तच असेल, तरीही प्रथिनं कमी असू शकतात, हे लक्षात घ्या. अशा पेशंटचा दिवस चहा-बिस्किट, चहा-खारी, वडापाव, भात असा जातो. पोट भरतं, साखर वाढते, प्रथिनं नाहीत. दिवसातून दोन अंडी, किंवा वाटीभर मटकी-हरभऱ्याची उसळ, मूठभर शेंगदाणे, एक वाटी दही, आणि भाताच्या जागी एक वेळ ज्वारीची भाकरी. एवढं झालं तर पावडरीचे पैसे वाचतील. चहा किती कप आणि प्रत्येकात किती साखर, हे एक दिवस मोजा. चहा एकदम बंद मात्र करू नका. त्यातलं कॅफिनही क्लोझापीनच्या पातळीत थोडा फरक करतं, हळूहळू कमी करा. साखर वाढलेली असेल तर पांढऱ्या पेशी संख्येने पुरेशा असूनही जंतूंशी नीट लढत नाहीत. म्हणून उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) वर्षातून किमान एकदा, वजन आणि पोटाचा घेर दर महिन्याला. पुरुषात घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की मी मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीचा विचार करतो. ते चालू केलं तर बी-१२ तपासत राहावं लागतं, विशेषतः शाकाहारी घरांत.

गुळवेल, काढे, अश्वगंधा यांबद्दल विचारलंत. आयुर्वेदाविषयी मला आकस नाही, पण तुमच्या भावाच्या यकृतावर आधीच भार आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वादात न पडता मी एवढंच सांगेन, की क्लोझापीन किंवा व्हॅल्प्रोएटसारखं मानसिक आजाराचं औषध चालू असलेल्या माणसाने ही जोखीम घेण्याजोगा फायदा कुणी दाखवलेला नाही. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यास पोटॅशियम उतरतं आणि ते हृदयाच्या ठोक्यांसाठी धोक्याचं, कारण आमची अनेक औषधं आधीच ठोक्यांवर परिणाम करतात. अश्वगंधेने गुंगी वाढू शकते, थायरॉईड हलू शकतं. च्यवनप्राशात साखर भरपूर. व्हिटॅमिन डी कमी असेल तर जरूर द्या, वर्षानुवर्षं खोलीबाहेर न पडणाऱ्या माणसात ते असतंच कमी. पण ६०,००० युनिटची पुडी ठरलेले आठवडेच. दर आठवड्याला वर्षभर दिली की कॅल्शियम चढतं.

ज्यांच्या घरात बायपोलर आजारासाठी लिथियम चालू आहे, तेही हे वाचत असतील. त्यांच्यासाठी: ताप, जुलाब, उलट्या झाल्या की शरीरातलं पाणी कमी होतं आणि लिथियम विषारी पातळीला जातं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेलं आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक ती पातळी आणखी वाढवतं. पॅरासिटामॉल चालतं. हात जास्त कापायला लागले, चाल अडखळली, बोलणं जड झालं, तर लिथियम थांबवून दवाखान्यात जा.

लसी. मला सर्वांत जास्त खंत वाटते ती इथे, कारण इतका सोपा उपाय आमच्या पेशंटांपर्यंत पोहोचतच नाही. मोठ्यांच्या बहुतेक लसी आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात नाहीत, पैसे भरून घ्याव्या लागतात. आणि मानसिक आजाराच्या ओपीडीत लसीची आठवण कुणी करून देत नाही. भावाला दोन लसी आधी हव्यात: न्यूमोकॉकल (न्यूमोनियाच्या एका मुख्य जंतूविरुद्धची) आणि फ्लूची. न्यूमोकॉकलची कोणती आणि किती डोस, हे छातीचे डॉक्टर वय आणि आजार बघून सांगतील. फ्लूची दर वर्षी, आणि महाराष्ट्रात ती पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये, कारण आपल्याकडे फ्लू पावसात वाढतो. बऱ्याच जणांना ती नोव्हेंबरमध्ये दिली जाते, तोवर आपला मोसम सरलेला असतो. हिपॅटायटिस बीचे तीन डोस झाले नसतील तर तेही, आणि धनुर्वाताची दर दहा वर्षांनी. या सगळ्या लसी क्लोझापीनबरोबर चालतात. फक्त अंगात ताप असेल किंवा न्यूट्रोफिल उतरलेले असतील तर तेवढे दिवस पुढे ढकला. लसीनंतर ताप आलाच आणि एक दिवसाहून जास्त टिकला, तर सीबीसी करा. ‘लसीचाच असेल’ म्हणून सोडू नका.

भाऊ लस घ्यायला नको म्हणाला तर? सक्ती करू नका, गोळीतून किंवा जेवणातून फसवून काही देऊ तर नकाच. एकदा विश्वास गेला की क्लोझापीनही जाईल. त्याचं म्हणणं विचारा. कित्येकदा भीती लसीची नसते, सुईची किंवा गर्दीची असते. सकाळी दवाखाना उघडताना पहिल्या नंबरला नेता येतं, आधी तुम्हाला त्याच्यासमोर ती घेता येते.

झोप आणि चालणं यावर थोडक्यात. निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडून केलेल्या २०१५ च्या प्रयोगात, सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. तुमच्या भावाची झोप बहुधा कमी नाही, उलट जास्त आहे. त्याला सकाळी उन्हात अर्धा तास चालणं जास्त गरजेचं. कुणीतरी बरोबर गेलं तरच ते टिकतं.

कॅज्युअल्टीत ‘हा मेंटल पेशंट आहे, आधी सायकियाट्रिस्टला दाखवा’ असं ऐकावं लागतं, असं तुम्हीही लिहिलं आहे. ताप, धाप, ऑक्सिजन कमी असताना असं म्हणणं कायद्याला धरून नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजाराच्या रुग्णाइतकीच, भेदभाव न करता सेवा मिळायला हवी. याच कलमात विमा कंपन्यांनीही दोघांना सारखं धरावं असं म्हटलं आहे. पण त्या क्षणी भांडण्यापेक्षा एक कागद जास्त उपयोगी पडतो. त्यावर औषधांची नावं आणि डोस, शेवटचा न्यूट्रोफिलचा आकडा तारखेसह, ‘विडी ओढतो, दाखल झाल्यावर बंद होते, क्लोझापीनची पातळी वाढते’, ‘सिप्रोफ्लोक्सासिन, कार्बामाझेपिन (फिटचं औषध) टाळावे’, आणि मानसोपचारतज्ज्ञांचा मोबाइल नंबर. सही-शिक्क्यासह घ्या, लॅमिनेट करा, आणि एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक भावाच्या खिशात. अडीअडचणीला रात्री-बेरात्री १४४१६ या टेली-मानसच्या (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) नंबरवर मराठीत बोलता येतं. मात्र श्वास लागत असेल, ओठ निळे पडत असतील, तर आधी १०८.

पुढच्या दोन आठवड्यांत एवढं करा: सीबीसी, साखर, इम्युनोग्लोब्युलिन, थुंकीची तपासणी, जुने एक्स-रे घेऊन छातीच्या डॉक्टरांची भेट, आणि लाळेबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं. दंतवैद्य आणि विडी त्यानंतर, एकेक करून. सगळं एकदम अंगावर आलं तर तो बिथरेल. आईचं वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्याच खोलीत झोपतात असं तुम्ही लिहिलंय, तर फ्लूची आणि न्यूमोकॉकल लस त्यांनाही द्या, एकाच फेरीत. त्यांची साखरही त्याच दिवशी तपासून घ्या. त्या आजारी पडल्या तर भावाची गोळी वेळेवर कोण देणार, हे आताच ठरवून त्या माणसाला डब्यातल्या गोळ्या एकदा मोजून दाखवा.